सहाशे सतरा अंकांची खात्री

माझ्या नवऱ्याची संख्या सहाशे सतरा अंकी होती. दोनाने सुरू व्हायची, नवाने संपायची. अंकांची बेरीज दोन हजार सातशे चौऱ्याहत्तर, म्हणजे तीनने भाग जात नाही. शेवटी नऊ, म्हणजे दोनने नाही आणि पाचानेही नाही. सात, अकरा, तेरा मी स्वतः करून पाहिले होते. दुसऱ्या बायका नवऱ्याचे खिसे तपासतात, मी विभाज्यतेच्या कसोट्या लावल्या. जन्मभर आठवी ते दहावीला गणित शिकवलेल्या बाईकडून आणखी काय अपेक्षा करायची?

संख्या त्यांच्या कार्डाच्या मागे बारीक अक्षरात छापलेली होती आणि गावातल्या प्रत्येकाची तशीच छापलेली होती. त्याला सरकारी नाव होतं अंकमुद्रा. लोक नुसतं मुद्रा म्हणत.

मुद्रा का आली ते थोडक्यात सांगते. सन तीसच्या आसपास अशी वेळ आली की कुणाचाही आवाज, चेहरा, हस्ताक्षर घरबसल्या हुबेहूब बनवता येऊ लागलं. आमच्याच गावात एका मेलेल्या म्हातारीने फोन करून लेकाला शेत विकायला सांगितलं होतं. कोर्टाने आवाज मानायचा सोडला, मग चित्रफीत, मग अंगठा. शेवटी उरलं गणित, कारण गणिताची नक्कल होत नाही.

त्यातली कल्पना सहावीच्या मुलालाही समजेल. दोन मूळ संख्या घ्यायच्या, ज्यांना एक आणि स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही अशा. त्यांचा गुणाकार करायचा. सतरा आणि तेवीस घेतले तर तीनशे एक्क्याण्णव. आता कुणाला नुसतं तीनशे एक्क्याण्णव सांगितलं आणि कुठल्या दोघांचा गुणाकार ते विचारलं, तर तो डोकं खाजवेल, पण पाच मिनिटांत सांगेल. तेच मूळ संख्या तीनशे नऊ अंकी असल्या, तर जगातले सगळे संगणक सूर्य विझेपर्यंत चालवले तरी उत्तर येणार नाही. क्वांटम यंत्रं एक दिवस फोडतील असं म्हणत, तो दिवस अजून उजाडला नव्हता. म्हणून गुणाकार चव्हाट्यावर टांगायचा आणि दोन अवयव, म्हणजे त्या दोन मूळ संख्या, कार्डाच्या पोटात लपवायचे. ज्याच्याकडे अवयव आहेत त्यालाच कागदावर मुद्रा उठवता येते, आणि ती खरी की खोटी हे गुणाकारावरून कुणालाही तपासता येतं. खरी असली की हिरवी खूण येते.

मला हे सगळं फार आवडलं होतं. आयुष्यभर मुलं विचारायची, बाई, मूळ संख्यांचा उपयोग काय? आता माझ्याकडे उत्तर होतं.

आमच्या खडकवण्यात मुद्रांचं शिबिर तेहतीस साली झालं, शाळेच्या व्हरांड्यात. जनगणना असो, निवडणूक असो, सरकारला बिनतक्रार राबणारा माणूस हवा असला की शिक्षक सापडतो, तशी मी सापडले. यंत्र शिलाई मशीनएवढं होतं. समोर बसलेल्या माणसाची जन्मतारीख आणि गावाचा क्रमांक मी घालायची, यंत्र त्यात आपल्या घड्याळातली वेळ मिसळायचं आणि त्या मिश्रणातून पहिली मूळ संख्या काढायचं. मग त्या माणसाने काचेवर बोटाने काहीही गिरवायचं. त्या गिरवण्यातून दुसरी निघायची. माझं काम तारीख टाकायचं आणि म्हाताऱ्यांना "गिरवा, गिरवा" म्हणायचं.

सूचनांचा एक कागद भिंतीला डकवला होता. सूचना क्रमांक चार अशी होती: यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाल्यास घड्याळ लावल्याखेरीज पुढील नोंद करू नये. घड्याळ रेंज असली की आपोआप लागायचं. त्या दिवशी रेंज नव्हती आणि वीज दर अर्ध्या तासाने जात होती. सकाळपासून पंच्याहत्तर माणसं उन्हात उभी होती, त्यात माझ्या नवऱ्याचा, सर्जेरावांचा, रांगेतून आवाज.

"मास्तरीण, हितं माणसं वाळाय लागली. तुजं यंत्र हाय का कडबाकुट्टी?"

रांगेत हशा पिकला. मीही हसले, बंद पडलेलं यंत्र सुरू केलं आणि घड्याळ न लावता पुढची नोंद घेतली. किसन गेजगे बसला. त्याचं झालं आणि यंत्र पुन्हा बंद पडलं. मी पुन्हा तसंच सुरू केलं. त्याच्या मागे सर्जेराव होते, ते बसले. पहिलीपासून दोघे एका बाकावरचे, रांगेतही एकामागे एक. सर्जेरावांनी काचेवर बैल काढला होता.

सर्जेराव तलावाच्या पाणीवापर संस्थेचे सचिव होते. सचिव म्हणजे पाण्याची दारं उघडणारा माणूस. कुणाच्या पाटाला किती तास पाणी हे त्यांच्या डोक्यात असे. वहीत कधीही दोन ओळींपेक्षा जास्त लिहिलं नाही आणि लिहिलेलं वाक्य कधी पुरं केलं नाही. आम्हाला मूल झालं नाही. त्यांनी त्या तलावावरच जीव लावला आणि मी शाळेवर.

शिबिरानंतर चार वर्षांनी तलाव गेला. डोंगरापलीकडे एका कंपनीचं डेटा सेंटर उभं राहत होतं, त्यातली यंत्रं थंड ठेवायला पाणी हवं होतं. एक दिवस नोटीस आली की संस्थेने तलावाचं पाणी पंचवीस वर्षांसाठी द्यायला संमती दिली आहे. खाली सचिवाची मुद्रा होती, शेजारी हिरवी खूण.

ग्रामसभा शाळेच्याच मैदानात भरली. सर्जेराव पहिल्या रांगेत बसले होते, टोपी गुडघ्यावर. त्यांनी एवढंच सांगितलं की हा कागद मी पाहिलेला नाही. मग गोंधळ सुरू झाला. सरपंच शेंडगेताई समंजस बाई. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळल्या.

"बाई, तुमी गणिताच्या. तुमीच सांगा. ही मुद्रा दुसऱ्या कुणाला उठवता येती का?"

मला गप्प बसता आलं असतं. घरचा प्रश्न आहे, मला विचारू नका, असंही म्हणता आलं असतं आणि कुणी वाईट मानलं नसतं. पण मी उठले. फळा होताच, त्यावर सतरा गुणिले तेवीस लिहिलं. अवयव म्हणजे काय, आकाशगंगेत तारे किती, संगणकाला वर्षं किती लागतील, सगळं सांगितलं. चांगला तास घेतला. शेवटी खडू ठेवला आणि म्हणाले, "नाही येत. ज्याचं कार्ड त्याचीच मुद्रा."

सर्जेराव माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. पाटाला पाणी सोडलं आणि ते भलतीकडेच निघालं की बघत, तसे.

घरी आल्यावर पाय धुऊन ते चुलीपाशी बसले.

"म्या न्हाई केली, मास्तरीण."

"मग कुणी केली?"

"ते मला काय ठावं."

"अहो, कार्ड तुमच्या खिशात असतं. संख्या खोटं बोलत नाही."

त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "आन मी बोलतो?"

मी ताटात भाकरी वाढली. तेवढंच उत्तर मी दिलं.

आठ दिवसांनी ते तलावाच्या सांडव्याजवळच्या खोलीत राहायला गेले. भांडण झालं नाही. मी डबा पाठवायची, तो धुऊन परत यायचा. गावाने त्यांना चहाला बोलावणं बंद केलं. जत्रेत पालखीला खांदा द्यायला गेले, तर पोरांनी जागाच सोडली नाही. एकटा किसन गेजगे जाऊन त्यांच्याजवळ बसायचा. किसनला सातसुद्धा पाढे येत नव्हते, म्हणून त्याला मुद्रेचं काही समजत नाही असं मी धरून चालले होते.

पुढच्या मार्चमध्ये ते गेले. सकाळी एका मेंढपाळाला सांडव्याच्या पायरीवर बसलेले दिसले, तो रामराम करून पुढे गेला. दुपारी परतताना तसेच बसलेले दिसले, तेव्हा त्याला कळलं. तलावाचा तळ तोवर उघडा पडला होता. मेमध्ये किसनही गेला.

मी जेवायची बंद झाले, हे मला माझं कळलं नाही. मनात एकच गोष्ट फिरायची. त्यांनी सही केली असेल, तर ते माझ्याशी खोटं बोलून गेले. केली नसेल, तर मी काय केलं? दुसरा भाग मी कधी पुरा विचारात घेतला नाही, कारण गणितात ती शक्यता नव्हती. पण गणित दिवसभर पुरत नाही.

सप्टेंबरात पत्र आलं. मुद्रा कार्यालयाची तशी सोय होती, जिवंतपणी पत्र लिहून ठेवायचं आणि मागाहून पोचवायचं. फोनवर त्यांचं नाव आलं तेव्हा मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"प्रिय इंदुमती," पत्रात लिहिलं होतं, "हे पत्र तुला माझ्या मागे मिळेल. ग्रामसभेत तू बोललीस ते तुला खरं वाटलं म्हणून बोललीस. त्याचा त्रास करून घेऊ नकोस. माझ्या मनात राग नाही. रीत बरोबर असेल, तर उत्तर चुकलं तरी गुण मिळतातच. वेळेवर जेवत जा. सर्जेराव."

खाली मुद्रा आणि हिरवी खूण. मी ती तीनदा तपासली. खरी होती.

उत्तर चुकलं हे त्यांनी स्वतःबद्दल लिहिलंय, असा अर्थ मी लावला. म्हणजे सही त्यांनीच केली होती, काहीतरी चांगला हेतू धरून केली होती, आणि मला माफही केलं होतं. दोन्ही बाजूंनी माझी सुटका. त्या दिवशी मी पोटभर जेवले. पुढची साडेतीन वर्षं रोज सकाळी चहाबरोबर ते पत्र वाचत होते आणि त्यावर जगत होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग यंदा जानेवारीत प्रणाली आली. किसनची मुलगी, माझी विद्यार्थिनी. पुण्याला मुद्रा कार्यालयात नोकरीला होती. गावात आली की पाया पडायला यायची, पण या वेळी पाया पडून झाल्यावर उभीच राहिली.

"बस की."

"बाई, मी नोकरी सोडली."

"का गं?"

तिने पिशवीतून दोन कागद काढले. प्रत्येकावर आकड्यांच्या ओळी होत्या. मी चष्मा लावला आणि मोजायला लागले. सवय.

"तीनशे नऊ अंकी आहेत," ती म्हणाली. "या दोघींचा गुणाकार म्हणजे सर्जेरावकाकांची संख्या."

मी तिला सांगितलं की असं होऊ शकत नाही. सूर्य विझेल वगैरे सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिला ते मीच शिकवलं होतं.

"बाई, फोडली नाही. मसावि काढला."

महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे दोन संख्यांना भाग देणारी सर्वांत मोठी संख्या. सहावीच्या पुस्तकात आहे. मोठीला लहानीने भागायचं, बाकी उरेल तिने लहानीला भागायचं, असं बाकी शून्य होईपर्यंत. एकटी संख्या फोडायला सूर्य पुरत नाही, पण दोन संख्यांमध्ये एक अवयव सारखा असेल तर या साध्या रीतीने तो डोळ्याची पापणी लवायच्या आत हाती येतो. संख्या तर चव्हाट्यावरच होत्या. वडील गेल्यावर प्रणाली त्यांची संख्या बंद करत होती. सहज म्हणून तिने ती शिबिरातल्या बाकी संख्यांबरोबर घालून पाहिली. सगळ्यांशी मसावि एक आला. एका संख्येशी तीनशे नऊ अंकी आला.

"पण दोघांना एकच मूळ संख्या मिळाली कशी?" मी विचारलं.

"यंत्र जन्मतारीख, गाव आणि घड्याळ मिसळायचं ना? ज्यांनी ते बनवलं त्यांना वाटलं, या तीन गोष्टी दोन माणसांच्या सारख्या कशा असतील?" ती थांबली. "आमच्या बाबांची जन्मतारीख एक जून चौऱ्याहत्तर. काकांचीही तीच."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. ती तारीख माझ्या वडिलांनी लिहिली होती. नाना गुरुजी खडकवण्याच्या प्राथमिक शाळेत बावीस वर्षं मुख्याध्यापक होते. त्या काळी घरात जन्मतारीख लिहून ठेवायची पद्धत नव्हती. आई सांगायची, कांदं काढत होतो तवा झाला, किंवा मोठ्या दुष्काळाच्या दुसऱ्या सालचा. नाना ऐकून घेत आणि रजिस्टरात एक जून लिहीत. एक जून धरला की शाळेत घालायचं वय नेमकं भरतं. निम्मं गाव एक जूनला जन्मलं होतं. आम्ही त्याची चेष्टा करायचो, की मे अखेरीला सुइणीचे हाल होत असतील. यंत्र बनवणारा कुठल्या तरी मोठ्या शहरातला असणार, जिथे माणसं वर्षभर जन्मतात.

"आणि घड्याळ?" मी विचारलं, जरी मला माहीत होतं.

प्रणाली जमिनीकडे बघत म्हणाली, "यंत्रात नोंद आहे. दोन्ही वेळा यंत्र नुकतंच सुरू झालेलं. घड्याळ न लावलेलं. सुरू झालं की ते कारखान्यातल्या पहिल्या मिनिटापासून मोजायचं. ड्यूटीवरच्या शिक्षकाचा क्रमांक पण आहे."

मी चष्मा काढला. अंगणात कोंबड्या फिरत होत्या.

मग तिने कामाचं सांगितलं. करार पाच वर्षांनी पुन्हा तपासायचा होता आणि हरकत नोंदवायची मुदत महिनाअखेर संपत होती. मयताचा वारस अर्ज करून संख्या रद्द करून घेऊ शकतो. संख्या रद्द झाली की संमती रद्द, आणि तलाव परत. खोटी मुद्रा नेमकी कुणी उठवली ते कधीच कळणार नाही, मसावि काढायला कुणाच्या परवानगीची गरज नसते. पण काकांचं नाव धुतलं जाईल.

"संख्या रद्द म्हणजे?"

"पहिल्या दिवसापासून, बाई. तिच्याखालची प्रत्येक मुद्रा."

"माझ्याकडे एक पत्र आहे," मी म्हणाले.

प्रणाली तांब्या उचलून पाणी प्यायली. "तेही," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की आधी मी गुणाकार तपासणार. संगणकाने तपासून दिलेला नको, हाताने. तिला वाटलं असेल म्हातारी हट्टी आहे. खरं सांगायचं तर मला दिवस काढायचे होते. पत्र माझ्याजवळ आणखी थोडे दिवस खरं राहावं, एवढीच इच्छा होती.

दोन्ही संख्यांचे तीन-तीन अंकांचे एकशे तीन तुकडे पाडले. म्हणजे दहा हजार सहाशे नऊ छोटे गुणाकार. चौकटींच्या वह्या आणल्या. रोज सकाळी उजाडलं की बसायची, ऊन उतरलं की उठायची. अकरा दिवस लागले. पाचव्या दिवशी एक हातचा चुकला, दोन पानं फाडली. त्या अकरा दिवसांत मी इतकी रमले होते, की कशासाठी चाललंय हे तासतासभर आठवत नसे. छडी न घेता, फळा न वापरता, नुसतं आपल्यापुरतं गणित. तेव्हा मला ते किती आवडतं हे पुन्हा कळलं आणि त्याच वेळी त्याची थोडी किळसही आली.

शेवटच्या दिवशी बेरजा जुळवल्या. आधी नवाची पडताळणी केली. एकीच्या अंकांची बेरीज तेराशे नव्वद, नऊने भागून बाकी चार. दुसरीची चौदाशे नऊ, बाकी पाच. चार पंचे वीस, बाकी दोन. सर्जेरावांच्या संख्येची बाकीही दोन. मग ओळीने एकेक अंक कार्डाशी ताडून पाहिला. सहाशे सतरा अंक. एकही फरक नाही.

म्हणजे ते खरं बोलले होते. चुलीपाशी बसून, पाय धुऊन, चार शब्दांत.

मी खूप रडले. रडून झाल्यावर सवयीने फोन घेतला आणि पत्र उघडलं. हिरवी खूण अजून होती, पण आता तिला काही अर्थ नव्हता. त्यामुळे साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच मी खूण न बघता पत्र वाचलं.

प्रिय इंदुमती. सदतीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. पाहुण्यांसमोरसुद्धा मास्तरीण. सहा वाक्यं, सगळी पुरी केलेली, जिथल्या तिथे विरामचिन्हं. आणि रीत बरोबर असेल तर उत्तर चुकलं तरी गुण मिळतातच. हे वाक्य माझं होतं. प्रत्येक परीक्षेच्या आदल्या दिवशी मी ते वर्गात सांगायची. सर्जेराव ते वाक्य घरी कधी बोलले नव्हते, मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ते माझ्या विद्यार्थ्यांनाच माहीत होतं.

पहिल्या दिवशीच हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. हे त्यांचं बोलणं नाही, असं तेव्हाही क्षणभर वाटलं होतं. पण खूण हिरवी होती. एकदा संख्येचं ऐकून मी त्यांना खोटं ठरवलं, दुसऱ्यांदा संख्येचं ऐकून भलत्याच माणसाचं बोलणं त्यांचं मानलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तालुक्याला गेलो. कचेरीच्या बाहेर बाकावर नंबराची वाट बघत बसलो असताना मी विचारलं.

"तू लिहिलंस ना ते?"

प्रणाली दचकली नाही. बहुतेक बारा दिवस ती याच प्रश्नाची वाट बघत होती.

"बाई, आई फोनवर सांगायची, बाई जेवत नाहीत म्हणून. मला तेव्हा नुकतंच कळलं होतं. दोन्ही अवयव समोर होते."

"मग मला खरं का नाही सांगितलंस?"

"वरच्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, गाजावाजा करायचा नाही. अशा यंत्रांवर सव्वा लाख मुद्रा निघाल्यात, लोकांचा विश्वास उडेल, आपण हळूहळू कार्डं बदलून घेऊ. शपथ होती, नोकरी होती." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला तेवढंच जमलं. काकांची सही मी एकदाच वापरली, बाई. चुकलंच माझं."

तिला रागवावं असं मला वाटत होतं. पण तिने माझ्यासाठी जे केलं, ते करायला मी नवऱ्यासाठी जागची हलले नव्हते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी मला माफ केलं होतं की नाही, हे आता जगात कुणालाच माहीत नाही. मला नाही, तिला नाही आणि संख्येला तर नाहीच.

आमचा नंबर आला. कारकून तरुण होता, आदबशीर. अर्ज चार पानी होता. मयताचं नाव, वारसाचं नाव. मुद्रा सदोष होण्याचं कारण, तिथे मी सूचना क्रमांक चार आणि माझं नाव लिहिलं. रद्द होणाऱ्या कागदांची यादी, तिथे दोन ओळी: संमतिपत्र, एक खाजगी पत्र. त्याने यंत्रावर काहीतरी दाबलं आणि माझ्या पिशवीत फोन थरथरला. मी काढून बघितलं नाही. खूण पुसली गेली असणार.

शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता. सदर मुद्रा मयत व्यक्तीने उठविलेली नाही, याबाबत अर्जदाराची खात्री कशावरून झाली?

मी पेन उचललं आणि लिहिलं: त्यांनी मला सांगितलं होतं.

कारकुनाने पान उलटं करून वाचलं, पुन्हा माझ्याकडे सरकवलं. त्याचा आवाज मऊ होता.

"बाई, हे कारण चालत नाही. इथं संख्या लिहावी लागते."

मी लिहिलेलं खोडलं, पिशवीतून कागद काढला आणि संख्या लिहायला सुरुवात केली.